ओटचं बिस्किट आणि 'पौष्टिक' शब्द

ऑस्ट्रेलियात एक शब्द असा आहे, की तो दुकानाच्या पाटीवर किंवा मालाच्या वेष्टनावर छापायचा तर केंद्र सरकारातल्या मंत्र्याची परवानगी लागते. तो शब्द म्हणजे 'अँझॅक'. १९२१ च्या नियमांनी त्याला हे संरक्षण दिलं आणि ते आजही लागू आहे. न्यूझीलंडने तर १९१६ मध्येच या शब्दाच्या व्यापारी वापराला बंदी घातली होती. बिस्किटाच्या बाबतीत मात्र सरकारचं धोरण उदार आहे. ओट्स, मैदा, साखर, खोबऱ्याचा कीस, लोणी आणि गोल्डन सिरप यांच्या बिस्किटाला 'अँझॅक बिस्किट' हे नाव वापरता येतं. त्यासाठी रूढ कृती आणि आकार साधारण तेच ठेवावे लागतात, आणि त्याला 'कुकी' म्हणायचं नाही. २००८ मध्ये एका मोठ्या साखळी उपाहारगृहाला याच कारणासाठी समज देण्यात आली होती.

आता हेच बिस्किट कुणी 'हेल्दी' करायला घेतलं, साखर निम्मी केली, मैद्याच्या जागी कणीक घेतली, सिरपच्या जागी काकवी घातली, तर त्याला अँझॅक म्हणावं का? आणि त्याला 'पौष्टिक' म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो? मला हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे वाटतात. त्यांची उत्तरं शोधायची तर या बिस्किटात पडलेले शब्द एकेक करून पाहावे लागतील.

'अँझॅक' हा आद्याक्षरांचा शब्द. 'ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर' या सैन्यदलाच्या नावातली ती अक्षरं. दलाची कचेरी कैरोत होती. कागदपत्रांवर मारायच्या रबरी शिक्क्यासाठी आणि तारेसाठी आटोपशीर नाव हवं होतं. १९१५ च्या सुरुवातीला कचेरीतल्या कारकुनांच्या रोजच्या कामातून हा शब्द घडला. आपण 'एसटी'ने गावाला जातो आणि 'गदिमां'ची गाणी ऐकतो, तेव्हा अक्षरांमागचं पूर्ण नाव मनात येतही नाही. अँझॅकचं तेच झालं. इंग्रजीत अशा शब्दांना 'अॅक्रोनिम' म्हणण्याचा प्रघात १९४० च्या दशकात पडला. म्हणजे त्या प्रकाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी अँझॅक हा शब्द घरोघरी पोचला होता.

या दलाचे सेनापती होते विल्यम बर्डवुड. त्यांचा जन्म १८६५ चा आणि जन्मगाव पुण्याजवळचं खडकी. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी त्यांचं सैन्य तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं. ज्या अरुंद खाडीत ते उतरलं तिला 'अँझॅक कोव्ह' म्हणावं, असं बर्डवुड यांनीच सुचवलं. पुढे १९८५ मध्ये तुर्की सरकारने ते नाव अधिकृत केलं. आठ महिने चाललेल्या त्या मोहिमेत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन आणि अडीच हजारांहून अधिक न्यूझीलंडर मरण पावले. शिक्क्यावरची अक्षरं त्या मरणांमुळे शोकाचा आणि अभिमानाचा शब्द झाली. साबणाला, चहाला, घरांना आणि गल्ल्यांना हा शब्द लागू लागला, तेव्हा सरकारांना कायदा करावा लागला तो यामुळे. उतरण्याच्या पहिल्याच दिवशी भारतीय डोंगरी तोफखानाही त्यांच्याबरोबर होता, हे आपण विसरू नये. दारूगोळा आणि पाणी वाहून नेणारी खेचरं आणि त्यांना हाकणारे भारतीय नसते, तर त्या डोंगरकपारींत सैन्याला टिकणं कठीण होतं.

खंदकातल्या सैनिकाला मिळणारं बिस्किट मात्र आजच्या अँझॅक बिस्किटासारखं मुळीच नव्हतं. ते मैद्याचं, चौकोनी आणि दगडासारखं होतं. सैनिक ते ठेचून किंवा किसून पाण्यात भिजवत आणि त्याची लापशी करून खात. काहींनी त्या बिस्किटावर शाईने मजकूर लिहून, वर पत्ता घालून ते घरी पोस्टाने धाडलं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये अशी बिस्किटं जपून ठेवली आहेत. शंभर वर्षांत त्यांना ना बुरशी लागली, ना त्यांचा भुगा झाला. यावरून त्यांच्यात पाण्याचा अंश किती कमी होता ते समजतं.

'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे. लॅटिन 'बिस कॉक्टुस', म्हणजे दोनदा शिजवलेलं. एकदा भाजून पाव करायचा आणि पुन्हा मंद आचेवर सुकवायचा, म्हणजे तो लांबच्या समुद्रप्रवासात टिकतो. इथे मराठी वाचकाला सुखावणारी एक गोष्ट आहे. लॅटिन 'बिस' आणि संस्कृत 'द्विः' हे सख्खे भाऊ. 'कॉक्टुस'चा धातू आणि आपला 'पच्' धातूही एकाच मुळाचे. पाक, पक्व, पक्वान्न, पिकणं हे सगळे शब्द या 'पच्'चे, आणि इंग्रजी 'कुक'ही त्याच गोतातला. तेव्हा बिस्किटाला कुणी 'द्विपक्व' म्हटलं तर तो नवा शब्द ठरणार नाही. दोन बहिणी भाषांनी एकाच मुळापासून घेतलेलं ते एकच नाव ठरेल.

गंमत अशी की आजची बिस्किटं एकदाच भाजली जातात. अँझॅकही एकदाच. शब्दाचा मूळ अर्थ जपला आहे तो आपल्या बेकरीतल्या टोस्टने. पाव भाजायचा, कापायचा, पुन्हा भट्टीत घालायचा, आणि मग तो चहात बुडवून खायचा. जर्मन भाषेतला 'झ्वीबाक' शब्दशः हेच सांगतो. 'कुकी' हा शब्द डच 'कुकये'वरून आला, म्हणजे छोटा केक. डच वसाहतींतून तो अमेरिकन इंग्रजीत शिरला. ऑस्ट्रेलियन सरकारला तो अँझॅकबरोबर नको आहे, कारण त्या शब्दाला दुसऱ्या देशाचा वास आहे. आपली नानकटाईसुद्धा अशीच प्रवासी. त्यातला 'नान' म्हणजे फारसी भाकरी-पाव, आणि 'खताई'त बहुतेक अभ्यासकांना चीनचं 'खता' हे जुनं नाव दिसतं.

आता ओट्स. इंग्रजी 'ओट' हा शब्द जुन्या इंग्रजीतला, आणि जर्मन कुळातल्या इतर भाषांत त्याला जोडीदार सापडत नाही. त्या भाषांत या धान्याला 'हाबर', 'हाफर', 'हावर' अशी नावं आहेत. या 'हाबर'वरून एक शब्द आपल्या रोजच्या वापरात आला आहे. घोडेस्वार सैनिक घोड्यासाठी ओट्स न्यायचा त्या पिशवीचं जर्मन नाव 'हाबरझाक'. फ्रेंचमधून फिरून त्याचा इंग्रजी 'हॅवरसॅक' झाला. एनसीसीच्या कॅडेटच्या खांद्यावर आणि सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पाठीवर तो पोचला, आणि पुढे नुसता 'सॅक' उरला. गॅलिपोलीच्या सैनिकाच्या खांद्यावरही हॅवरसॅक होती आणि त्यात शिधा असे. म्हणजे ओट्सच्या नावाची पिशवी आधी आली, आणि त्या सैनिकाच्या नावाचं ओटचं बिस्किट पुढे झालं.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात ओट्सची नोंद करताना नमूद केलं होतं, की हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात, स्कॉटलंडमध्ये मात्र त्यावर माणसं जगतात. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या हवेत गहू नीट पिकत नाही, ओट पिकतो. तव्यावर भाजलेली ओटची भाकरी तिथल्या गरिबांचं रोजचं अन्न होती. १८४८ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिणेला स्कॉटिश लोकांनी वसाहत केली आणि गावाला 'डुनेडिन' नाव दिलं. एडिनबरोचं ते जुनं गेलिक नाव. या लोकांनी ओट बरोबर नेला. त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी पाककृतींची पुस्तकं छापली. ओटची बिस्किटं युद्धाआधीही घरोघरी होत होती. सिडनीत १९१७ मध्ये निघालेल्या एका पाकपुस्तकात 'अँझॅक बिस्किट' नावाची कृती आहे, पण ते बिस्किट निराळंच आहे. आजच्या अँझॅकशी जुळणारं बिस्किट त्याच पुस्तकात 'रोल्ड ओट्स बिस्किट' या साध्या नावाने बसलं आहे. नाव आणि कृती यांची गाठ युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत पडली, आणि खोबरं त्याहीनंतर आलं. आयांनी ही बिस्किटं डब्यात भरून गॅलिपोलीला धाडली, ही गोष्ट दर एप्रिलमध्ये सांगितली जाते. प्रत्यक्षात ती अधिक खपली ती घरच्या मुलखात, सैनिकांसाठी निधी जमवायच्या जत्रांमधून. त्यामुळे या बिस्किटाचं मोल मला कमी वाटत नाही. मागे राहिलेल्या बायकांच्या हाताला ते काम होतं, आणि त्या कामाला त्यांनी आपल्या माणसांचं नाव दिलं.

गोडव्याचे शब्द तर थेट आपल्या अंगणातले. संस्कृत 'शर्करा' म्हणजे आधी वाळू, बारीक खडे. त्यावरून दाणेदार गोडाला तेच नाव पडलं. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', मग युरोपभर 'शुगर', 'सुक्र', 'त्सुकर'. मराठीत तीच 'साखर'. इंग्रजी 'जॅगरी'ही याच शर्करेची लेक. केरळातल्या 'चक्करे'वरून पोर्तुगिजांनी 'जागरा' केलं आणि इंग्रजांनी ते उचललं. 'सिरप' हा अरबी 'शराब'वरून आलेला, आणि अरबी 'शराब' म्हणजे केवळ पेय. त्याच धातूचं 'सरबत'. म्हणजे पाहुण्याला दिलेलं सरबत, खोकल्याचं सिरप आणि शराब या एकाच घरच्या तीन वस्तू.

युरोपात साखर सुरुवातीला औषधविक्याच्या दुकानात मिळत असे. सिरप म्हणजे औषधाचा पाक. सगळ्यांत बोलका शब्द मात्र 'ट्रीकल', गोल्डन सिरपची काळसर थोरली बहीण. ग्रीक 'थेरिऑन' म्हणजे जंगली जनावर. आपल्याकडेही गावात 'जनावर चावलं' म्हटलं की साप चावला असंच समजतात. अशा जनावरांच्या विषावर जो उतारा तो 'थेरिआके'. अनेक वनस्पती, मसाले आणि मध घालून केलेलं हे औषध शतकानुशतकं युरोपभर विकलं गेलं. इंग्रजीत त्याचं 'ट्रीकल' झालं. पुढे औषध विस्मरणात गेलं आणि ज्या गोड पाकात ते कालवत त्या पाकाला ते नाव चिकटलं. विषावरचा उतारा म्हणून निघालेला शब्द आज डॉक्टर 'बंद करा' म्हणून सांगतात त्या पदार्थाचं नाव झाला आहे.

मराठीत गोल्डन सिरपच्या जवळ जाणारा शब्द 'काकवी', कन्नडात 'काकंबी'. गुऱ्हाळात उसाचा रस उकळून गूळ धरायच्या जरा आधी कढईतून काढलेला दाट रस म्हणजे काकवी. कोल्हापूरकडे ती भाकरीबरोबर खातात. 'मळी' वेगळी. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. गोल्डन सिरपची सुरुवात कारखान्यातूनच झाली. लंडनच्या प्लेस्टो भागात अॅब्रम लायल यांच्या कारखान्यात १८८३ मध्ये शुद्धीकरणात उरणाऱ्या पाकावर प्रक्रिया करून ते तयार झालं. त्यातल्या बऱ्याच साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग झालेले असतात, म्हणून त्याचे खडे बनत नाहीत. या बिस्किटात अंडं नसतं, तेव्हा सगळं धरून ठेवायचं काम सिरपच करतं.

ते काम ओट्यापाशी उभं राहून पाहण्यासारखं आहे. पातेल्यात लोणी आणि सिरप मंद आचेवर वितळवायचं. वाटीत चमचाभर खायचा सोडा घेऊन त्यावर दोन चमचे उकळतं पाणी ओतायचं आणि ते लगेच पातेल्यात घालायचं. सिरप किंचित आंबट असतं, त्याची सोड्याशी गाठ पडते. शांत पिवळं मिश्रण फसफसून वर येतं, फिकट होतं आणि दुपटीने फुगतं. फेस बसायच्या आत ते ओट्स, मैदा, खोबरं आणि साखरेत ओतायचं. गोळे अंतर ठेवून मांडायचे, कारण साखर वितळली की ते पसरतात. १६० ते १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटांत कडा तांबूस होतात. बाहेर काढताना बिस्किट मऊच असतं, निवताना कुरकुरीत होतं.

आता यातली साखर निम्मी केली तर काय होतं? ते पसरत नाही, म्हणून गोळा तळहाताने चपटा करावा लागतो. रंग कमी येतो, कुरकुरीतपणा घटतो. मैद्याच्या जागी कणीक घेतली तर ती पाणी जास्त ओढते, तेव्हा चमचाभर पाणी वाढवावं लागतं. सिरपऐवजी काकवी छान चालते. तीही आंबूस असल्यामुळे सोडा फसफसतो, आणि रंग व वास गडद येतो. मध घातला तर बिस्किट लवकर करपतं, आच उतरवावी लागते. ओट्सचं माप दीडपट केलं तर चावायला भरपूर मिळतं. चवीला हे बिस्किट चांगलं होतं, आणि रोजच्या चहाबरोबर मला तेच आवडेल.

पण त्याला पौष्टिक म्हणण्याआधी हिशेब करायला हवा. रूढ कृतीत एक कप साखर आणि दोन मोठे चमचे सिरप पडतं. पंचवीस बिस्किटं झाली तर प्रत्येकात सुमारे दहा ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सुचवली आहे, आणि तिच्यातलं अधिक कडक माप मोठ्या माणसाला दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम भरतं. ओट्सची कीर्ती आहे ती बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे. त्याचे रोज तीन ग्रॅम पोटात गेले तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तसा दावा छापायला परवानगी दिली. पण एका बिस्किटात ओट्स असतात जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम. त्या हिशेबाने तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी वीसएक बिस्किटं खावी लागतील आणि त्यांबरोबर दोनशे ग्रॅम साखर पोटात जाईल. गूळ आणि काकवी यांचे उष्मांकही साखरेहून फारसे कमी नाहीत. साखर निम्मी केलेलं बिस्किट हे कमी साखरेचं बिस्किट, इतकंच खरं. ओट्सचा गुण हवा असेल तर ओट्सची लापशी करून खावी.

इथे 'पौष्टिक' या शब्दापाशी थांबतो. आपण 'प्रकृती कशी आहे?' विचारतो किंवा 'तब्येत बरी ना?' विचारतो. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ स्वभाव, एक संस्कृतातून आलेला, दुसरा अरबीतून. हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी, मराठीत 'स्वस्थ बस' म्हणजे हालू नकोस. इंग्रजी 'हेल्थ'च्या मुळाशी 'होल' आहे, अखंड, धडधाकट. 'पौष्टिक'चं कूळ मात्र वेगळं. धातू 'पुष्', म्हणजे वाढणं, भरणं, पोसणं. पुष्ट, पोषण, पोसणं हे त्याचे, आणि शेतकऱ्याला आपण ज्या आदराने 'पोशिंदा' म्हणतो तोही त्याचाच. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू देतात. तूप, खोबरं, गूळ, सुकामेवा असा त्यांचा ऐवज. ते पौष्टिक, कारण झिजलेलं अंग ते भरून काढतात. पौष्टिक म्हणजे अंगाला लागणारं.

अँझॅक बिस्किट त्या अर्थाने खरोखरच पौष्टिक होतं. अन्नाची चणचण असलेल्या काळात ओट्स, लोणी आणि साखर एका मुठीत जास्तीत जास्त ताकद देत, आणि अंडं नसल्यामुळे ते आठवड्यांमागून आठवडे टिकत असे. ते करणारी बाई त्यात लोणी-साखर घालताना हात आखडत नसणार. आपण त्याच बिस्किटातून लोणी आणि साखर काढतो आणि तोच शब्द वापरतो. शंभर वर्षांत 'पौष्टिक'चा अर्थ भर घालण्यावरून कपात करण्यावर आला. उपाशी अंगासाठी झालेला शब्द आपण भरल्या पोटासाठी राबवतो. अर्थ बदलतात, ट्रीकलचाही बदलला. पण ट्रीकल विकत घेणारा आज ते औषध म्हणून घेत नाही. 'पौष्टिक बिस्किट' घेणाऱ्याच्या मनात मात्र जुना अर्थ जिवंत असतो. खाल्ल्याने काहीतरी भलं होईल या भरवशावर तो एकाच्या जागी चार खातो, आणि मुलांच्या डब्यातही भरतो. फसगत होते ती इथे.

म्हणून मला वाटतं, कृती हवी तशी बदलावी, पण नाव त्या बदलाला साजेसं द्यावं. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत काकवी घालून हे बिस्किट कुणी करत असेल तर ते जरूर करावं, आणि त्याला 'काकवीचं ओट बिस्किट' म्हणावं. नाव देखणं आहे आणि त्यात काय पडलंय तेही कळतं. 'अँझॅक' हे नाव लोणी, साखर आणि सिरपच्या जुन्या बिस्किटासाठी राहू द्यावं. ते २५ एप्रिलला एकदा करावं, मनापासून खावं, आणि कुणासाठी केलं ते मुलांना सांगावं. 'साखरमुक्त', 'कमी साखर' असे दावे वेष्टनावर छापायचे तर आपल्याकडेही नियमांनी मापं ठरवून दिली आहेत. घरात आणि गप्पांत आपण 'पौष्टिक' म्हणतो, त्याला मापही नाही आणि राखणदार मंत्रीही नाही. तो शब्द राखायचा तो बोलणाऱ्यांनीच. जे अंग भरून काढतं त्याला पौष्टिक म्हणावं. ज्यात साखर कमी आहे त्याला 'कमी साखरेचं' म्हणावं. मग डिंकाच्या लाडवाला उगाच अपराधी वाटणार नाही, आणि ओटच्या बिस्किटावर नसत्या गुणांचं ओझंही पडणार नाही.